आ कर!

"तुम्ही मिसरी लावता का हो?"

शाळेच्या फाटकाशी, बाकीच्या आयांच्या देखत, बाईंनी मला हे विचारलं. चिरंजीवांच्या दप्तरात पेन्सिलींच्या शेजारी पितळेची डबी सापडली होती आणि साहेबांनी वर्गात जाहीर केलं होतं की आमच्या घरी दात ह्यानंच घासतात. मी "नाही हो" म्हणाले. बाईंनी माझं तोंड निरखलं. शब्दावर विश्वास बसलेला दिसेना, म्हणून मग लातूरच्या भर रस्त्यावर मी दात दाखवले. वर, खाली, दोन्ही बाजू. एक आई तर पुढं वाकून बघत होती.

आता आमच्या घरच्या दात घासण्याविषयी थोडक्यात: ते होत नाही. पोरगं सहा वर्षांचं. कार्टूनचा ब्रश आणला, त्याची गाडी झाली. स्ट्रॉबेरीची पेस्ट आणली, ती खाऊन झाली. दोन मिनिटं घासायला दोन मिनिटांचं गाणं लावलं, ते पाठ झालं. तोंड काही उघडलं नाही.

डबी होती आत्यासासूबाईंची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी अहमदपूरकडून आल्यात. डोळ्यांवर काळाभोर चष्मा. वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. "मिसरीचं कायबी बोलले न्हाईत," हे मात्र त्यांनी पहिल्याच सकाळी घरभर सांगून टाकलं. तेव्हापासून रोज सकाळी न्हाणीच्या दारात, उपड्या बादलीवर, तो चष्मा लावून त्या बसतात. तर्जनी तोंडात, गालाला फुगवटा आणि कान माझ्याकडं.

त्या दिवशी मी पोराची हनुवटी धरून बसले होते.

"आ कर."

"म्म्म."

"कामून छळलालीस गं लेकराला?"

"आत्याबाई, दात किडतील त्याचे."

"किडू दे की. दुधाचंच हायती. पडायला आलेल्या भितीला कुणी चुना लावतंय का?"

हे वाक्य सासूबाईंना इतकं आवडलं की त्या स्वयंपाकघरातून ते ऐकायला परत बाहेर आल्या. मी मात्र इरेला पेटले. म्हटलं, आत्याबाई, दुधाचे दात वीस, पण त्यातल्या मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकायच्या असतात. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमाराला त्यांच्याही मागं एक दाढ येते. तिच्यासाठी कुठला दात पडत नाही, म्हणून घरात कुणाला पत्ता लागत नाही, सगळे तिलाही दुधाचीच समजतात. ती कायमची असते. ती किडली की दुसरी येत नाही. याला आलीय, दातांच्या डॉक्टरांनी दाखवलीय मला.

आत्याबाईंनी पचकन थुंकलं. "कुठं हाय? बगू."

आणि माझ्यापुढं ज्या तोंडाची फटसुद्धा पडत नव्हती, ते तोंड त्या काळ्या बोटापुढं सताड उघडलं! मी "अहो, अहो" करेपर्यंत बोट आत. चष्म्यामुळं दिसत काहीच नव्हतं, सगळा कारभार चाचपून. वरून माहिती चालू: "ही हालायलीय... ही बारकी... अगं माय, हाय की गं! ही बग मागं, ठोकळा!"

पोरगं खूष. जीभ फिरवून म्हणतंय, "आत्याआजी, तिखट लागलं. आणखी लाव."

मी किंचाळले. तर सासूबाई म्हणाल्या, "ओरडू नको, पावनी हाय घरात." ह्यांनी मोबाइलवरून मान न उचलता विचारलं, "थुंकला ना तो?"

थुंकला! तंबाखू आहे ती. तव्यावर काळी होईस्तोवर भाजलेली, वाटलेली तंबाखू. गिळावी लागत नाही, हिरडीतूनच निकोटिन रक्तात जातं. आत्याबाईंना मिसरीशिवाय पोट साफ होत नाही म्हणतात, ते त्यामुळंच. दंतमंजनात तंबाखू घालायला १९९२ पासून देशात बंदी आहे, पण ती कारखान्याला. घरच्या तव्यावर कोण धाड घालणार? गुटख्याला राज्यात २०१२ साली बंदी आली, आणि पुडी कुठं मिळते हे कोपऱ्यावरच्या पोरांना तोंडपाठ आहे. हे सगळं मला आत्याबाईंना सांगायचं होतं. पण त्यांनीच आधी सांगितलं की पहिल्या बाळंतपणात दाढ ठणकायला लागली, तेव्हा सासूनं बोटावर मिसरी दिली होती. गावात डॉक्टर कुठला! ती तेव्हाची सवय. यावर मी काय बोलणार? पोराला आत नेलं आणि त्याचं तोंड धुतलं.

त्यावरही टीका झालीच. "एवढं पाणी? मिरजेवरून रेल्वेनं पाणी आणलंय ह्या गावात, इसरलीस का?" नाही विसरले. एप्रिल २०१६ मध्ये ती गाडी आली तेव्हा कळशी-कळशीचा हिशोब आम्हीच ठेवत होतो. पण खरी गंमत अशी की पेस्टमधलं फ्लोराइड दातांवर राहावं म्हणून घासून झाल्यावर नुसतं थुंकावं, फार चुळा भरू नयेत, असं दातांचे डॉक्टरच सांगतात. पेस्टही वाटाण्याएवढीच. जाहिरातीत ब्रशभर लाट काढतात, तो विकायचा धंदा. म्हणजे हे शास्त्र लातूरसाठीच लिहिलेलं! मी उत्साहानं सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "बिनचुळीचं तोंड? शी! देवाला तरी चालंल का?"

पाणी वापरलं तर उधळपट्टी, नाही वापरलं तर विटाळ.

रात्रीच्या ब्रशला तर घरात कुणाचाच पाठिंबा नाही. साखर, बिस्किट रात्रभर दातांत राहतं, जंतू त्याचं आम्ल करतात, झोपेत लाळही कमी सुटते, हे मी ह्यांना पाठ म्हणून दाखवू शकते. "रातच्याला दात घासून कुटं निगालाय त्यो?" असा प्रश्न आला. झोपलेल्या लेकराला उठवू नये, यावर तिघांचंही एकमत आहे. सल्ला तिघांकडं, ब्रश एकटीकडं.

सध्या एक तोडगा निघालाय. दाढ तपासायला आत्याआजी बसणार असतील तरच साहेब आ करतात. अट माझी: आधी साबणानं हात, आणि तोवर मिसरी बंद. त्या रोज कुरकुरतात, "बोटाला साबणाचा वास मारलालाय." तेवढ्या दोन मिनिटांत मी ब्रश घालून घेते. तोंड माझ्यामुळं उघडत नाही, याचं वाईट वाटायला अजून सवड झालेली नाही.

काल डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन करावं लागेल, मुक्काम वाढवा. ह्यांनी माझ्याकडं पाहिलं. पोरगं टाळ्या वाजवत होतं.