धर्माच्या महामार्गाचे दात

महोदय, आपल्या खात्याच्या ताब्यात एखादा राज्य महामार्ग असेल आणि त्यावरचे खड्डे मोजण्यापलीकडे गेले असतील, तर निराश होण्याचे कारण नाही. रस्ता दुरुस्त करणे हा एक उपाय आहे खरा, पण त्याला निविदा काढावी लागते, निविदेला ठेकेदार यावा लागतो, ठेकेदाराने पावसाळ्याआधी काम करावे लागते, आणि एवढे सगळे जमून आले तरी दोन पावसाळ्यांनी तेच दुष्टचक्र पुन्हा सुरू होते. दुसरा उपाय पुष्कळ सोपा आहे. रस्ता जागचा हलवू नये, त्याचा खडाही उचलू नये, फक्त आजपासून तो आपला नाही असे जाहीर करावे. एवढ्यासाठी दोन पानी शासन निर्णय पुरतो. या विधीला हस्तांतरण म्हणतात, आणि घेणारा नेहमी आपल्याहून गरीब असतो, म्हणजे नगरपरिषद किंवा महानगरपालिका. 'धर्माची गाय आणि दात का गं नाय' असे विचारणाऱ्या आगाऊ माणसाला आपल्याकडे पूर्वीपासूनच गप्प बसवले जाते. नगरपरिषदेने तर गाय गोठ्यात बांधून झाल्यावरच तिचे तोंड उघडून पाहायचे असते.

पहिली तयारी भाषेची करावी. 'आम्हाला झेपत नाही म्हणून देत आहोत' असे चुकूनही लिहू नये. 'स्थानिक स्वराज्य संस्थांचे सक्षमीकरण' असे लिहावे. राज्यघटनाही आपल्या मदतीला येईल. १९९२ च्या चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांकडे सोपवता येण्याजोगे अठरा विषय दिले आहेत आणि त्यांतला चौथा विषय 'रस्ते आणि पूल' हाच आहे. त्या यादीत पैसे हा विषय नाही. उगाच शोधण्यात वेळ घालवू नये. नगरपरिषदांची जकात १९९९ साली गेली, तेव्हापासून घरपट्टी, पाणीपट्टी, गाळ्यांचे भाडे आणि सरकारकडून येणारे सहायक अनुदान यांवर त्यांचा संसार चालतो, म्हणजे पगाराची तारीख गाठली की मुख्याधिकारी हुश्श करतात. अशा संस्थेला सक्षम करायचे तर तिच्या अंगावर चौपदरी रस्ता टाकण्याइतका परिणामकारक मार्ग नाही. तालमीत नव्या पोराच्या मानेवर वस्ताद बसतो तो उगाच नव्हे.

आता नेमके काय द्यायचे ते ठरवा. शहराला बाह्यवळण झाले की शहरातून जाणारा जुना तुकडा स्थानिक संस्थेला देण्याची रीत आहे, आणि ती कागदावर अगदी रास्त दिसते, कारण जड वाहतूक आता बाहेरून जाणार असते. उसाच्या ट्रॉल्या, वाळूचे डंपर आणि बाजार समितीकडे जाणारे ट्रक यांनी हा शासन निर्णय वाचलेला नसतो, त्यामुळे ते पूर्वीसारखेच एसटी स्टँडवरून जात राहतात. तो प्रश्न आता सक्षम झालेल्या संस्थेचा. वाटेत एखादा इंग्रजांच्या काळातला दगडी पूल असल्यास तो आवर्जून तुकड्यात धरावा. दोषदायित्व कालावधीकडेही लक्ष असू द्यावे. ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करण्याची मुदत ज्या महिन्यात संपते, तोच महिना हस्तांतरणाला शुभ असतो. ताबा मात्र मे महिन्यात द्यावा. त्या दिवसांत डांबर कसे काळेभोर, एकजीव आणि निर्दोष दिसते हे मी आपल्याला सांगायला नको.

घेणाऱ्या संस्थेचा ठराव लागतो, म्हणून काही मंडळी उगाच घाबरतात. सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत शेवटी 'आयत्या वेळचे विषय' नावाची एक जागा असते आणि लोकशाहीतील बहुतेक मोठे निर्णय चहा आल्यानंतर तिथेच होतात. सूचक अमुक, अनुमोदक तमुक, सर्वानुमते मंजूर. सभागृहाची मुदत संपून प्रशासक बसलेले असतील तर फारच उत्तम, कारण मग प्रस्ताव मांडणारे, अनुमोदन देणारे आणि सर्वानुमते मान्य करणारे गृहस्थ एकाच खुर्चीत बसलेले सापडतात.

ताबा दिल्यानंतर कागद जपून ठेवावेत, पण सापडतील असे ठेवू नयेत. आमच्या गावाचे उदाहरण देतो. गावाच्या वेशीवर, 'नगरपरिषद आपले स्वागत करीत आहे' या कमानीखाली, एक खड्डा होता. मी एका पावसाळ्यात त्याविषयी अर्ज केला. नगरपरिषदेने रस्ता बांधकाम खात्याचा असल्याचे कळवले. बांधकाम खात्याने तो नगरपरिषदेला केव्हाच दिल्याचे सांगितले आणि जावक नोंदवहीतली ओळ बोट ठेवून दाखवली. ओळीत 'सोबत नकाशा' असे होते, नकाशा सोबत नव्हता. मग दोन्हीकडच्या अभियंत्यांची संयुक्त पाहणी झाली. टेप लावली गेली, कमानीच्या खांबापासून अंतर घेतले गेले, पावसात भिजलेल्या कागदावर आकृती काढली गेली, आणि हद्द बरोबर खड्ड्याच्या मधून जाते असे निष्पन्न झाले. पंधरा दिवसांनी नगरपरिषदेने आपल्या वाट्याचा अर्धा खड्डा खडी-मुरूम टाकून, वर डांबर शिंपडून, अतिशय सरळ रेषेत बुजवला. इतकी सरळ कड मी आमच्या गावात त्याआधी फक्त वाण्याच्या पाटीवरच्या अक्षरांना पाहिली होती. उरलेला अर्धा पुढच्या पावसाळ्यापर्यंत बांधकाम खात्याच्या अधिकारक्षेत्रात पाणी साठवून होता, आणि दुचाकीवाले नगरपरिषदेच्या बाजूने वळण घेऊन जात, त्यामुळे सक्षमीकरण झाले नाही असे मला म्हणता येणार नाही.

येथवर आपल्याला वाटेल की हस्तांतरणाला फार वेळ लागतो, फायली अडतात, वर्षे जातात. तसे मुळीच नाही. निकड खरी असली की काय वेगाने काम होते हे पाहायचे असेल तर २०१७ चा वसंत ऋतू आठवावा. १५ डिसेंबर २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की राष्ट्रीय आणि राज्य महामार्गांच्या कडेपासून ५०० मीटरच्या आत दारूची दुकाने नकोत, कारण दारू पिऊन गाडी चालवल्याने माणसे मरतात. अंमलबजावणी १ एप्रिल २०१७ पासून. अंमल सुरू होण्याच्या आदल्या दिवशी वीस हजारांपर्यंत लोकसंख्येच्या गावांसाठी हे अंतर २२० मीटर झाले. आता पाचशे मीटर म्हणजे किती, हे ज्याला माहीत असायला हवे त्या प्रत्येकाला लगेच माहीत झाले. केरळात एका बारवाल्याने तर फाटकापासून दारापर्यंत वळणावळणाची वाट बांधून पायी अंतर वाढवले. ग्राहकाला जाताना व्यायाम आणि येताना परीक्षा. पण हे किरकोळ उपाय झाले. दुकान महामार्गापासून हलवण्यापेक्षा महामार्गच दुकानापासून हलवावा हे ज्याला प्रथम सुचले, त्याच्या प्रतिभेला आपण दाद दिली पाहिजे.

महामार्ग हलवणे म्हणजे त्याचे नाव काढून घेणे. आपल्याकडे रस्त्यांची उतरंड असते: राष्ट्रीय महामार्ग, मग राज्य महामार्ग, खाली प्रमुख जिल्हा मार्ग, त्याखाली इतर जिल्हा मार्ग आणि तळाला ग्रामीण मार्ग. डांबर उखडते, साइडपट्टी खचते, पण क्रमांक शाबूत राहतो, आणि न्यायालयाचा आदेश त्या क्रमांकालाच चिकटलेला होता. तेव्हा क्रमांक खरवडला की आदेशही गळून पडला. चंदीगडने आपले रस्ते प्रमुख जिल्हा मार्ग ठरवले, राजस्थान आणि उत्तराखंडानेही शहरातल्या रस्त्यांचा दर्जा उतरवला, आणि आपल्या महाराष्ट्रात जळगाव, लातूर, यवतमाळ येथील शहरातून जाणारे रस्ते स्थानिक संस्थांच्या ओटीत पडले. हुडको या घरबांधणीसाठी कर्ज देणाऱ्या केंद्राच्या कंपनीच्या कर्जाने वाकलेल्या जळगाव पालिकेला त्या वेळी आणखी काही किलोमीटर रस्ते हवे होते काय, असा खवचट प्रश्न तिथले नागरिक विचारू लागले होते. पण वर म्हटल्याप्रमाणे हा दात मोजण्याचाच प्रकार झाला. पुढे ११ जुलै २०१७ रोजी न्यायालयानेच स्पष्ट केले की मूळ आदेश नगरपालिका हद्दीतील परवान्यांना लागू नाही, म्हणजे रस्ते दिले नसते तरी चालले असते. मात्र त्यामुळे दिलेल्या रस्त्यांना परत फिरण्याची घाई झाली असे कोणी समजू नये.

यातून आपण घ्यायचा धडा एवढाच, की हस्तांतरणाच्या प्रस्तावात खड्डा हे कारण दाखवू नये. खड्ड्यासाठी फाइल उठत नाही. शाळेसमोर गतिरोधक हवा म्हणून मुख्याध्यापकांनी दिलेला अर्ज हा महामार्ग असल्याने गतिरोधक टाकता येत नाही, या शेऱ्यासह परत येतो. त्याच महामार्गावरचे परमिट रूम वाचवायचे असेल तर तो महामार्गच उरत नाही. रात्रीतून रस्त्याच्या कडेच्या दगडाच्या डोक्यावरचा राज्य महामार्गाचा हिरवा रंग चुन्याखाली जातो. रंगारी सकाळी हात धूत असतो तेव्हा त्याला विचारले तर तो सांगतो, वरून सांगितले.

दान देताना हातचे काय राखावे, हे शिकायला मात्र मुंबईलाच गेले पाहिजे. पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्ग २०२२ च्या अखेरीस मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाकडून, म्हणजे राज्य सरकारच्याच अंगातून, बृहन्मुंबई महानगरपालिकेकडे देखभालीसाठी आले. पालिकेच्या सभागृहाची मुदत त्याच वर्षी मार्चमध्ये संपलेली होती, हा योगायोग आपण आयत्या वेळच्या विषयांत धरावा. आता दहिसर, मुलुंड, ऐरोली आणि वाशी या बाजूंनी शहरात शिरताना लागणारे पाच टोलनाके कोणाकडे राहिले? उड्डाणपुलांच्या खर्चापोटी तिथे वसूल होणारा टोल रस्ते विकास महामंडळाच्या व्यवस्थेतच राहिला. खड्डा पालिकेचा, टोल महामंडळाचा. गाय दिली, पण धार काढायला रोज सकाळी आम्हीच येऊ, असा हा व्यवहार आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणूक तोंडावर आलेली असताना, हलक्या वाहनांचा टोल माफ झाला, तेव्हा मोटारवाल्यांपुरते दूध आटले आणि गाय अखेर बऱ्याच प्रमाणात पालिकेची झाली.

परदेशी दाखला लागल्यास कॅनडाचा द्यावा, तो आपल्याला शोभून दिसेल. ओंटारिओ प्रांताने १९९७-९८ मध्ये हजारो किलोमीटरचे प्रांतिक महामार्ग तिथल्या नगरपालिकांच्या आणि प्रादेशिक सरकारांच्या गळ्यात बांधले. टोरंटोतून जाणाऱ्या क्वीन एलिझाबेथ वे या महामार्गाचा एक तुकडा शहराला मिळाला आणि गार्डिनर एक्सप्रेसवेला जोडला गेला, तो दिवसही १ एप्रिलच होता. या कामासाठी ही तारीख जगभर का निवडतात हे एखाद्या ज्योतिषाने सांगावे. शहराने पंचवीसहून अधिक वर्षे तो मार्ग सांभाळला, डागडुजीत पैसा ओतला, आणि अखेर नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रांताने गार्डिनर आणि शहराचाच डॉन व्हॅली पार्कवे हे दोन्ही जलदमार्ग आपल्याकडे घेण्याचे कबूल केले. शहराला त्याचा आनंद झाला.

तेव्हा दान देतानाच परतीचीही सोय करून ठेवावी. शहर उद्या वाढेल, जुन्या रस्त्याकडेच्या जमिनींना भाव येईल, सहापदरीकरणाचा आराखडा निघेल, केंद्राचा निधी दारात उभा राहील, आणि मग हाच रस्ता पुन्हा राज्याचा असणे लोकहिताचे ठरेल. त्याला दर्जोन्नती म्हणतात आणि त्यालाही दोन पाने पुरतात. फक्त एक किरकोळ काळजी घ्यावी: दगडावर चुना फासून झाला की हिरव्या रंगाचा उरलेला डबा फेकून देऊ नये. झाकण घट्ट बसवून, वर जुन्या रस्त्याचा क्रमांक लिहून, तो उपविभागीय कार्यालयाच्या भांडारात मागच्या फळीवर ठेवावा, आणि भांडारपालाला सांगावे की अधूनमधून डबा उलटा करून ठेवत जा, म्हणजे रंग वाळणार नाही.