एकोणीस माणसांची जिनिंग

आज सकाळी व्यापाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका जिनिंगवाल्या (कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्याच्या मालक) भाऊंनी टाकलं, "नवे कामगार कायदे आले. आता मजूर मालक होणार अन् मालक मजूर. कुलूप लावा अन् घरी बसा." खाली रडणारे, हसणारे, हात जोडलेले इमोजी. ज्यांच्या गेटातून हंगामात पन्नास-साठ माणसं आत जातात, त्यांचेसुद्धा. मी इकडच्या जिनिंगांचे, दालमिलचे हिशेब लिहिते, म्हणून तिथं गप्प बसले. इथं नाही बसणार.

पहिले मले हे सांगा, इकडच्या कोणत्या जिनिंगच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, विसावं नाव दिसलं का तुम्हाला? जिथं पाहावं तिथं एकोणीस. दोन पाळ्यांत रेचे (सरकी काढायची यंत्रं) चालतात, गाठी बांधल्या जातात, सरकीच्या गाड्या भरतात, आणि एवढं सगळं म्हणे एकोणीस माणसं करतात! कारण विसावा आला की पीएफ आला. ठेकेदाराची माणसंही त्या विसात धरतात असं म्हटलं, की लगेच, "ताई, तुम्ही आमच्या बाजूच्या की त्यांच्या?"

आमच्या गल्लीतले एक काका रेच्यावर होते. रात्रपाळीत उजव्या हाताची दोन बोटं गेली. मालक म्हणाला, तो ठेकेदाराचा माणूस. ठेकेदार म्हणाला, माह्या वहीत नाव दाखवा. वहीत नव्हतंच. शेवटी मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, थोडे पैसे हातावर ठेवले आणि कोऱ्या कागदावर अंगठा घेतला. अंगठा शाबूत होता ना!

आता ऐका. "जिनिंगला ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) लागत नाही" हे मालक छाती काढून सांगतात. खरंच लागत नाही. हंगामी कारखाने त्यातून वगळले आहेत आणि त्या यादीत कापसाच्या जिनिंगचं स्पष्ट नाव आहे. पण सरकारी विमा नाही म्हणजे अपघाताची भरपाई सरळ मालकाच्या डोक्यावर, हे पुढचं वाक्य कोणी वाचत नाही. ही तरतूद 1923 च्या कायद्यातली, इंग्रजांच्या काळातली. ठेकेदाराचा मजूर असला तरी तो भरपाई मूळ मालकाकडं मागू शकतो, मालकानं मग ठेकेदाराकडून वसूल करत बसावं. एका हाताची दोन बोटं गेली तर कमाईची ताकद 20 टक्के गेली असं धरायचं, हेही त्यात छापलेलं. आपसात समझोता केला तर तो आयुक्तांकडं नोंदवायचा. काकांचा तो कोरा कागद कोणत्या आयुक्तानं पाहिला?

म्हणजे ज्या "नव्या" कायद्यानं झोप उडाली, त्यातलं बरंचसं आपल्या आजोबांच्या वेळेपासून आहे. कामगारांचे जुने 29 कायदे मिळून 4 संहिता झाल्या, 21 नोव्हेंबर 2025 ला लागू झाल्या. नवं काय, तर प्रत्येकाला नियुक्तीपत्र द्या. खरी आग तिथं लागली आहे. नियुक्तीपत्र दिलं की माणूस वहीत येतो, आणि वहीत आला की बोटं मोजावी लागतात.

सबसिडीचा जीआर यांना तोंडपाठ. विजेच्या सवलतीची शेवटची तारीख झोपेत विचारा. पण हंगामी कारखान्यातल्या माणसाची पाच वर्षं भरली की दर हंगामाला 7 दिवसांच्या पगाराची ग्रॅच्युइटी निघते म्हटलं, की चेहऱ्यावर असा भाव, जशी मीच ती खिशात घालणार आहे.

बरं, कागदं खूप आहेत, मान्य. पोर्टल ऐन शेवटच्या तारखेला बसतं आणि तपासणीच्या नावाखाली चहापाणी मागणारेही आहेत.

आणि छोट्यांची मला खरंच कीव येते. वेल्डिंगचं दुकान टाकलेला पोरगा, हाताखाली दोन जण, बँकेचा हप्ता, उधारी सोयाबीन विकल्यावर येणार. तो विचारतो, "ताई, मले पीएफ लागते का?" नाही रे बाबा, दोन माणसांवर तुला नाही लागत. तू फक्त किमान वेतन दे, महिन्याचा पगार सात तारखेच्या आत दे आणि त्याची सही घे. तो करतोही. एका वहीत सगळं लिहून आणतो, ग्रीसचे डाग पडलेले असतात त्यावर. अशा पोराला घाबरवून सोडतात हे ग्रुपवरचे मोठे लोक. स्वतःची लढाई त्याच्या खांद्यावरून.

बायांचं तर बोलूच नका. कापसातली कवडी (खराब बोंडाचा कापूस) वेचायला बाई, तेच काम करणाऱ्या माणसापेक्षा तिची रोजची मजुरी कमी. का? "पहिलेपासून तसंच आहे." 1976 पासून समान कामाला समान वेतनाचा कायदा आहे, ते पहिलेपासून नाही का मग?

काका आता लग्नसराईत मांडवाच्या खुर्च्या मोजतात. डाव्या हातानं लिहायला शिकले. त्यांच्या मुलीनं मागे मला विचारलं होतं, बाबांचे काही निघतात का अजून? अर्ज दोन वर्षांच्या आत करायचा असतो, उशिराचं कारण पटलं तर आयुक्त माफ करू शकतात. पण आधी काका तिथं कामाला होते हेच दाखवायचं कशावरून? तिच्यासमोर मस्टर, वही, स्लिप असं सगळं म्हणून झालं आणि ती मान हलवत गेली. माझ्यानं तिच्याकडं बघवेना.

तर भाऊ, कुलूप लावायचं असेल तर खुशाल लावा. नसेल लावायचं, तर नियुक्तीपत्राचा एक पानाचा मराठी नमुना मी तयार करून ठेवला आहे, इनबॉक्समध्ये मागा, फुकट आहे. फक्त किती प्रती पाहिजेत ते खरं सांगा. एकोणीस म्हणाल तर देणार नाही.