‘वरचा जबडा काढला की माणूस संपला’ म्हणणाऱ्यांना

निपाणी, खानापूर, बेळगावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. टाळूच्या, म्हणजे तोंडाच्या आतल्या छताच्या, कॅन्सरचं ऑपरेशन करू नका. पुढं जन्मभर नळीनं जेवण, बोलणं कायमचं बंद, प्लेट बसायला वर्ष लागतं, बसली की गाठ परत येते, आणि ते कामही मुंबईलाच होतं, असं त्यात म्हटलंय. कृत्रिम दात-जबडे बसवणं हे माझं रोजचं काम. हा मेसेज वाचून ऑपरेशन पुढं ढकलणारी माणसं मला भेटतात. गाठ तेवढे दिवस थांबून राहत नाही.

टाळू काढली की तोंड आणि नाक एक होतं, पाणी प्यायलं तर नाकातून येतं, हे खरं आहे. पण ते भोक बुजवायलाच प्लेट असते. ऑब्च्युरेटर म्हणतात तिला. नळी बहुतेकांना सुरुवातीचे काही दिवसच लागते.

वर्षभर थांबायचं, हे तर साफ चूक. पहिली प्लेट ऑपरेशनच्या टेबलावरच बसवता येते. त्यासाठी तोंडाचं माप आधी घ्यावं लागतं. सर्जन साच्यावर कापायची हद्द आखून देतात आणि त्याबरहुकूम प्लेट तयार होते. आपल्याकडं घोटाळा इथंच होतो, पेशंट आमच्याकडं येतो तो टाके निघाल्यावर. ऑपरेशन ठरलं की त्याच दिवशी सर्जनना विचारा, माप कधी द्यायचं. आठ-दहा दिवसांनी दुसरी, तात्पुरती प्लेट येते. जखम आकसेल तसं तिचं अस्तर बदलत राहायचं. पक्की प्लेट साधारण 3 ते 6 महिन्यांनी, रेडिएशन असेल तर ते उरकून. तिचा भोकात बसणारा भाग आतून पोकळ ठेवतात, म्हणजे वजन कमी होतं आणि प्लेट पेलणाऱ्या दातांवर ताण कमी येतो. म्हणून उरलेला एकेक दात मोलाचा. किडलेले दात रेडिएशनच्या आधीच दाखवून घ्या. नंतर उपटला तर हाडाची जखम चिघळू शकते.

बोलणं जात नाही. आवाजाची पेटी आणि जीभ शाबूत असते, फक्त हवा नाकातून निसटते. प्लेट नसताना ‘बाबा’ म्हटलं तर ऐकणाऱ्याला ‘मामा’ वाटतं. मी नाकाखाली थंड आरसा धरतो आणि ‘पप्पा, पप्पा’ म्हणायला लावतो. आरशावर वाफ धरली तर प्लेट अजून गळतेय. मग त्या जागी भर घालायची, पुन्हा आरसा, पुन्हा ‘पप्पा’.

प्लेटमुळं गाठ परत येते याला काडीचा आधार नाही. उलट ती काढता येते म्हणून डॉक्टरांना आतली पोकळी दर खेपेला डोळ्यांनी बघता येते. कड घासून जखम होऊ शकते. दोन आठवड्यांत भरली नाही तर दाखवा. गाठीची खरी भीती तंबाखू, गुटखा, मिश्रीची आहे. निपाणीच्या तंबाखू पट्ट्यात हे कितीदा सांगितलं तरी कमीच.

मुंबईचं म्हणाल तर बेळगावातच केएलईचं डेंटल कॉलेज आहे. कृत्रिम दातांच्या विभागात जाऊन चौकशी करा.

सगळ्यांचं सारखं बसत नाही, हेही सांगतो. दात अजिबात नसतील किंवा मागची मऊ टाळूही गेली असेल तर काम अवघड होतं. तेव्हा गालाच्या हाडात इम्प्लांट, नाहीतर पायाचं हाड-मांस लावून भोक बुजवणं, असे मार्ग सर्जन सुचवतात. रेडिएशननंतर तोंड उघडणं कमी होत जातं, बोटभर उघडलं तर प्लेट आतच जात नाही. म्हणून डॉक्टरांनी सांगितलेला तोंड उघडण्याचा व्यायाम दुखलं तरी रोज करायचा, रेडिएशन संपल्यावरही कित्येक महिने.