वरातीआधी कुत्र्याला एसीप्रोमॅझिन देऊ नका

लग्नसराई किंवा दिवाळी जवळ आली की खानदेशात मोबाईलवर एक मजकूर फिरतो: ‘डीजेला, फटाक्यांना कुत्रा घाबरत असेल तर एसीप्रोमॅझिनची गोळी द्या. नसेल तर माणसांची क्लोरप्रोमॅझिन चालते. भीती जाते, कुत्रा शांत झोपतो. एका गोळीने भागलं नाही तर तासाभराने दुसरी द्या. जास्त झालीच तर अ‍ॅड्रेनॅलिन टोचून घ्या.’ औषधांची नावं खरी आहेत (एसीप्रोमॅझिन हे जनावरांना गुंगी आणणारं औषध), म्हणून लोक विश्वास ठेवतात. सल्ला मात्र चुकीचा आहे.

‘भीती जाते.’ जात नाही. ही दोन्ही औषधं फिनोथायाझिन कुळातली. क्लोरप्रोमॅझिन १९५२ पासून माणसांच्या मनोविकारांवर वापरलं जातं. मेंदूतल्या डोपामिन या निरोप वाहणाऱ्या रसायनाचा परिणाम ही औषधं रोखतात, त्यामुळे हालचाल मंदावते, मान खाली जाते, डोळ्यावर तिसरी पापणी (आतल्या कोपऱ्यातला पडदा) येते. पण कान उघडे असतात आणि घाबरणं आतल्या आत चालूच राहतं. काही कुत्रे तर आवाजाला जास्तच दचकतात. निपचित पडलेला कुत्रा सुतळी बॉम्ब फुटताच उठून जवळच्या माणसाला चावू शकतो. पळून जायचं असतं, पण पाय साथ देत नाहीत, अशी त्या मुक्या जिवाची अवस्था असते. तिला ‘शांत झोप’ म्हणवत नाही.

‘माणसांची चालते.’ क्लोरप्रोमॅझिनची गोळी अनेकदा ५० किंवा १०० मिलिग्रॅमची असते. कुत्र्याची उलटी थांबवायला हेच औषध टोचतात तेव्हा मात्रा किलोला ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास, म्हणजे ५ किलोच्या पॉमेरेनियनला २.५ मिलिग्रॅम. पोटातून औषध कमी शोषलं जातं हे धरलं, तरी १०० मिलिग्रॅमची गोळी त्या जिवाला फार होते.

‘तासाभराने दुसरी.’ सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. पोटात दिलेलं एसीप्रोमॅझिन चढायला पाऊण ते एक तास घेतं आणि सहा-आठ तास टिकतं. कुत्रा आधीच बिथरलेला असेल तर पहिली गोळी लागू झालीच नाही असं वाटतं. मग दुसरी जाते. वरात पुढे गेली, गोंगाट ओसरला, की दोन्हींचा भार एकदम येतो आणि रक्तदाब कोसळतो, कारण हे औषध रक्तवाहिन्या सैल करतं. बॉक्सर जातीचे काही कुत्रे यात कोसळतात, नाडी अगदी मंद होते. कॉली जातीत जनुकीय दोषामुळे औषध मेंदूत जास्त पोचतं, म्हणून डॉक्टर मात्रा २५ ते ५० टक्के कमी करतात. पग, म्हातारे, हृदयाचे किंवा यकृताचे रुग्ण यांचाही धोका मोठा.

आपल्याकडे आणखी दोन गोष्टी आहेत, ज्या त्या मजकुरात नाहीत. पहिली ऊन. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि हे औषध शरीराचं तापमान सांभाळणारी यंत्रणाच बिघडवतं. गुंगीतला कुत्रा सावलीत सरकत नाही, पाण्यापाशी जात नाही. तोंड बांधलं असेल तर धापही टाकता येत नाही. दुसरी गोष्ट कपाशीची फवारणी. प्रोफेनोफॉससारख्या ऑर्गेनोफॉस्फेट कीटकनाशकांचं विष फिनोथायाझिनसोबत वाढतं. फवारलेल्या शेतातून आलेल्या किंवा गोचिडांसाठी शेतातलं औषध चोळलेल्या कुत्र्याला ही गोळी नकोच.

‘अ‍ॅड्रेनॅलिन उतारा आहे.’ उतारा नाहीच. रक्तवाहिन्या आवळणारा मार्ग या औषधाने बंद केलेला असतो. अशा वेळी अ‍ॅड्रेनॅलिन दिलं तर वाहिन्या आणखी पसरतात, दाब अजून पडतो. दवाखान्यात सलाईन देतात, गरज पडल्यास नॉरअ‍ॅड्रेनॅलिन किंवा फिनायलेफ्रिन ही दाब वाढवणारी औषधं. गोळी देऊन बसला असाल तर कुत्र्याला कुशीवर झोपवा, मान सरळ ठेवा. तोंडात दूध, पाणी काही घालू नका, फुफ्फुसात जातं. हिरडी बोटाने दाबून सोडा: दोन सेकंदांत गुलाबी रंग परतला नाही, किंवा हिरडी पांढरी दिसली, तर गोळ्यांची पट्टी घेऊन तडक दवाखाना गाठा.

दुसऱ्या टोकाला जाऊन या औषधाला विष म्हणणंही बरोबर नाही. भूल देण्याआधी किलोला ०.०१ ते ०.०५ मिलिग्रॅम टोचून, वेदनाशामकाच्या जोडीने, ते उत्तम काम करतं. पण तिथे नाडीवर कोणाचा तरी हात असतो.

भीतीसाठी डॉक्टर ट्रॅझोडोन, गॅबापेंटिन किंवा अल्प्राझोलाम यांतून निवडतात. मात्रा वजन आणि आजार पाहून ठरते, आणि पहिली गोळी वरातीच्या दिवशी नाही, काही दिवस आधी शांत संध्याकाळी देऊन पाहायची. एखादा कुत्रा त्यानेही उलट चेकाळतो, ते आधी कळलेलं बरं. वरातीच्या दिवशी ऊन उतरल्यावर, वाजंत्री सुरू व्हायच्या आत फिरवून आणा. धाब्याच्या घरातली जाड भिंतींची मधली खोली असेल तर तिथेच ठेवा, कूलर चालू करा, त्याच्या घरघरीत बाहेरचा आवाज बराच बुडतो. कडी नीट लावा आणि घरातलं एक माणूस जवळ बसू द्या.