रेवसची गोष्ट, गंगापूर रोडचा कट्टा

परवा आमच्या कट्ट्यावर जो वाद पेटला, त्याला निमित्त झाली आमच्यातल्या अलिबागकराने सांगितलेली एक गोष्ट. नोकरीनिमित्त वीस वर्षे नाशकात काढूनही या गृहस्थाच्या बोलण्यातली खाडी काही आटलेली नाही. त्याचे मामा रेवसजवळ डोलीच्या (प्रवाहात रोवून ठेवायच्या पिशवीसारख्या) जाळ्यावर हयात घालवलेले कोळी, आणि त्यांच्या घरात रामदास बोटीची गोष्ट पिढीजात चालत आलेली. १७ जुलै १९४७ रोजी सकाळी आठच्या सुमारास भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ही बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली, सहाशेहून अधिक माणसे गेली, आणि मासळी विकायला मुंबईकडे निघालेल्या कोळ्यांनी ती मासळी समुद्रात ओतून हाती लागतील तेवढी माणसे होड्यांत ओढून घेतली.

"तेवढी म्हणजे किती?" वकिलाने लगेच विचारले.

मामा पन्नास सांगतात, मामी शंभर सांगतात, हे अलिबागकराने प्रामाणिकपणे कबूल केले. त्यावर वकिलाने ही साक्ष उलटतपासणीत दोन मिनिटे टिकणार नाही, असे जाहीर केले. मास्तरांचे म्हणणे थोडे निराळे होते. कोळ्यांच्या अशा गोष्टी ध्वनिमुद्रित कराव्यात, पाल्हाळ काढून टाकावा आणि मुलांसाठी छापाव्यात, असे ते म्हणाले. (कोळी आमच्या इगतपुरीकडेही आहेत, अशी पुस्ती त्यांनी जोडली. ते महादेव कोळी, डोंगरातले, त्यांचा होडीशी संबंध नाही, यावर पाच मिनिटे गेली.)

"मास्तर, पाल्हाळ म्हणजे नेमके काय काढणार तुम्ही?" असे म्हणत अलिबागकराने कट्ट्याच्या फरशीवर सांडलेल्या चहात बोट बुडवून खाडीचे तोंड काढले. काडेपेटी ठेवली, तो काशाचा खडक. उपडा ग्लास ठेवला, तो रेवसचा धक्का. मामांची गोष्ट बोटीपासून सुरूच होत नाही, असे तो सांगू लागला. ती सुरू होते तिथीपासून: आषाढातली अवस, उधाणाचे पाणी, वारा कुठला. माणसांचा आकडा दर वेळी बदलतो, पण हा भाग त्याने लहानपणापासून एका शब्दाचाही फरक न पडता ऐकला आहे. गिऱ्हाच्या गोष्टीचेही तसेच आहे. बुडून मेलेल्याचे हे भूत रात्री खाडीत माणसाला वाट चुकवते म्हणतात. पण मामा ती सांगतात तेव्हा पाणी आधी कोणत्या नाळीतून, म्हणजे खाडीच्या अरुंद फाट्यातून, चढते आणि चिखलात पुढे गेलेल्या माणसाची परतीची वाट मागच्या मागे कशी बुडते, हे सगळे तीत येते. छापताना भूत राहील आणि नाळ जाईल, ही त्याची भीती मला तरी रास्त वाटली.

वकील मात्र हटला नाही. तेव्हा अलिबागकराने त्याला किनाऱ्यावरचा हिशेब घातला: तिथीची पाऊणपट करायची, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता. अवसेला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. "म्हणजे आठला बोट सुटली तेव्हा पाणी चढत होते," वकील स्वतःच म्हणाला, आणि लगेच सावध होऊन त्याने जोडले, की यातून भरती सिद्ध होते, ओतलेली मासळी नव्हे. मुद्दा बिनतोड होता. फक्त ज्या लोकांनी तिथीत कधी चूक केली नाही, त्यांनी दिवसभराची कमाई फेकल्याची आठवण तेवढी रचून सांगितली असेल, हे मला पटत नाही.

तेवढ्यात मास्तरांनी, तुमच्या मामांनाच विचारू, असा आग्रह धरला आणि अलिबागकराने तिथेच फोन लावला. पलीकडून इंजिनाचा आवाज येत होता. मामांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "आता उधाण आहे रे, जाळी पाण्यात आहेत. भांगाला फोन कर, मग निवांत सांगतो."

भांग म्हणजे अष्टमीच्या सुमारास येणारी मंद भरती-ओहोटी. मास्तरांनी खिशातून दिनदर्शिकेचा कागद काढून अष्टमी कधी आहे ते पाहिले.