पॅनेल किती वॅटचं, हा प्रश्न शेवटी विचारा

खाण्याचा स्टॉल सोलरवर चालवायचा म्हटलं की पहिला प्रश्न हमखास एकच येतो: पॅनेल किती वॅटचं घेऊ? हे गणित उलट्या टोकाने करायचं असतं. आधी दिवसाचा खर्च, मग बॅटरी, पॅनेल सगळ्यात शेवटी.

त्याआधी एक गोष्ट मान्य करून टाका: शिजवणं-तळणं गॅसवरच. १२ व्होल्ट १०० अँपिअर-अवरच्या लिथियम (एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरीत सुमारे १२८० वॅट-अवर (वॅट गुणिले तास) वीज मावते. १८०० वॅटची इंडक्शन शेगडी ती चाळीस मिनिटांत चाटूनपुसून साफ करेल. तेही कागदावर, कारण अशा बॅटरीची बीएमएस (बॅटरीच्या आतलं तिला सांभाळणारं सर्किट) बहुधा १०० अँपिअरच्या पुढे करंट देत नाही आणि शेगडी लावताच सगळं बंद पडतं.

आता उरलेला हिशोब. १० वॅटचे ३ दिवे ५ तास, म्हणजे १५० वॅट-अवर. २० वॅटचा डीसी पंखा ८ तास, १६०. ५० वॅटचा छोटा कॉम्प्रेसर फ्रिज निम्मा वेळ चालतो असं धरलं तर ८ तासांत २००. ७५० वॅटचा मिक्सर दिवसभरात सगळी मिळून १५ मिनिटं, साधारण १९०. फोन आणि पैसे घ्यायचं मशीन ३०. झाले ७३० वॅट-अवर, म्हणजे वरच्या १२८०च्या बॅटरीत बसतात.

यात एक चोर लपलाय: इन्व्हर्टर, म्हणजे बॅटरीची डीसी वीज मिक्सरला लागणाऱ्या घरगुती एसी विजेत बदलणारा डबा. काही न जोडताही तो १५ वॅटच्या आसपास खातो, म्हणजे ८ तासांत १२० वॅट-अवर. मिक्सरला दिवसभरात लागतात त्याच्या निम्म्याहून जास्त, आणि तेही वाया! म्हणून दिवे, पंखा, फ्रिज थेट १२ व्होल्टवर घ्या आणि इन्व्हर्टर फक्त मिक्सरपुरता चालू करा. मिक्सर सुरू होताना क्षणभर कित्येक पट करंट ओढतो, तेव्हा १५०० वॅटचा प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी गुळगुळीत लाट देणारा) इन्व्हर्टरच हवा. स्वस्तातल्या मॉडिफाइड (ओबडधोबड लाट देणाऱ्या) इन्व्हर्टरवर मोटर गुरगुरते आणि तापते.

वायरिंगमध्ये कंजुषी केली की भलताच दोष दिसतो. बॅटरीत चार्ज आहे, तरी फ्रिज 'लो व्होल्टेज' दाखवून बंद पडतो, मग लोक बॅटरीला शिव्या घालतात. फ्रिजपर्यंत ५ मीटर अंतर असेल तर करंटला जाऊन-येऊन १० मीटर वायर पार करावी लागते. १.५ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरीत त्याचा रोध ०.१२ ओहम भरतो. कॉम्प्रेसर सुरू होताना ८ अँपिअर ओढले की जवळपास १ व्होल्ट वाटेतच जातो. सिगरेट-लायटर छाप सॉकेट सैल असेल तर आणखी थोडा. ४ चौरस मिमीची वायर टाकली की ही गळती चार दशांश व्होल्टच्या आत येते. इन्व्हर्टरची वायर तर २५ चौरस मिमीची आणि मीटरभराच्या आत हवी, फ्यूज बॅटरीच्या प्लस टर्मिनलपासून वीतभर अंतरावर.

इन्व्हर्टर सिलिंडरशेजारी जमिनीवर ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळाला तर खालीच साचतो, आणि ठिणगीला तेवढं पुरे.

आता पॅनेल. इन्व्हर्टर दिवसभर चालू राहिला तरी पुरावं म्हणून त्याचे १२० मिळवून खर्च ८५० वॅट-अवर धरू. साडेचार तासांचं चांगलं ऊन आणि छापील वॅटच्या ७० टक्केच हाती, या हिशोबाने ३०० वॅटचं पॅनेल लागतं. ते ७० टक्के का? २५ अंशांच्या वर दर अंशाला सुमारे ०.३५ टक्के उत्पादन घटतं आणि उन्हात काच ६० अंशांपर्यंत सहज तापते. त्यात स्टॉलच्याच छताची किंवा बांबूची सावली एका सेलवर पडली तरी पॅनेलचा तिसरा हिस्सा झोपतो. शेगडीच्या धुराच्या वाटेत पॅनेल असेल तर काचेवर तेलकट थर चढतो, तो नुसत्या पाण्याने निघत नाही. साबणाचं पाणी आणि मऊ कापड वापरा, घासणी नाही. ढगाळ दिवशी उत्पादन कधी दहा-वीस टक्क्यांवर येतं, तेव्हा बॅटरी आदल्या रात्री घरच्या विजेवर भरून ठेवलेली बरी.

संध्याकाळचा स्टॉल असेल तर पॅनेल बाजारात न्यायचंच कशाला? ते घराच्या छतावर राहू द्या, बॅटरी तेवढी न्या.

तयार पॉवर स्टेशन (बॅटरी, इन्व्हर्टर, चार्जर सगळं एकाच डब्यात) घेणाऱ्यांनी इनपुटची व्होल्टेज मर्यादा आधी वाचावी. २२ व्होल्ट ओपन सर्किटची (काही न जोडता मोजलेलं व्होल्टेज) दोन पॅनेलं सिरीजमध्ये, म्हणजे एकाच्या प्लसला दुसऱ्याचा मायनस, जोडली की ४४ व्होल्ट होतात, गार सकाळी थोडे जास्तच. ३० व्होल्टचा इनपुट त्यात जळतो. तिथे पॅरलल, म्हणजे प्लसला प्लस आणि मायनसला मायनस, जोडा.

वेगळा चार्ज कंट्रोलर (पॅनेलमधून बॅटरीचं चार्जिंग सांभाळणारा डबा) असेल तर जोडताना आधी बॅटरी, मग पॅनेल. आवरताना आधी पॅनेल काढायचं, तेही झाकून किंवा उलटं करून. भर उन्हात चालू करंटवर एमसी४ कनेक्टर (पॅनेलच्या वायरींची जोडणी) ओढला की डीसीचा आर्क (लांबत जाणारी ठिणगी) पडतो आणि कनेक्टरच्या पिना काळ्या होतात.