वेलिंग्टनचे वेलिंग्टन गेले वेलिंग्टनला

मुलाच्या शाळेतून मेसेज आला, शेतावर सहल आहे, वेलीज घालून पाठवा. वेलीज म्हणजे वेलिंग्टन, म्हणजे आपले गमबूट. ऑनलाइन मागवले. आम्ही राहतो त्या गावाचं नावही वेलिंग्टनच, इंग्लंडात सॉमरसेटमध्ये, टॉन्टनच्या थोडं पुढे. सहलीच्या आदल्या दिवशी फोन टुणकन वाजला, "पार्सल डिलिव्हर्ड", सोबत पुराव्याचा फोटो. निळं दार, दाराशी जिरेनियमची कुंडी, कुंडीला टेकून आमचा खोका. आमचं दार पांढरं आहे आणि कुंडी-बिंडी काही नाही.

तर पार्सलवाल्या दुकानात गेलो. काउंटरवरची बाई स्क्रीन बघून म्हणाली, "झालंय की, वेलिंग्टनला." म्हटलं, अहो हे वेलिंग्टनच आहे. "मग मिळालं असेल." असं बराच वेळ चाललं, आणि मग तिला शोध लागला की पार्सल श्रॉपशरमधल्या वेलिंग्टनला गेलंय, टेलफर्डजवळ, इथून गाडीने अडीच-तीन तास. पत्त्यात टीए २१ हा पोस्टकोड ठसठशीत लिहिलेला, तो बहुतेक शोभेसाठी असतो. त्या वेलिंग्टनला निदान रेल्वे स्टेशन तरी आहे, आमचं १९६४ मध्येच बंद केलं, त्यामुळे बुटांना तिकडे जावंसं वाटलं तर त्यांचा काय दोष.

माझ्यामागे रांगेत एक आजोबा होते. मेणकापडाचं जॅकेट, हातात कुत्र्याचा पट्टा, पायात गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेले वेलिंग्टन. "ऑलराइट माय लव्हर?" असं म्हणून ते सुरू झाले. (इकडे असंच म्हणतात, पोस्टमनही म्हणतो, पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी बायकोकडे बघितलं होतं.) वेलिंग्टनमध्ये राहणाऱ्या माणसाचे वेलिंग्टन दुसऱ्याच वेलिंग्टनला गेले, याचा त्यांना इतका आनंद झाला की ते काउंटरला धरून हसले आणि मग सगळ्या रांगेला सुरुवातीपासून परत सांगितलं. कुत्र्यालाही.

मग व्याख्यान. ड्यूक ऑफ वेलिंग्टन (वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा इंग्रज सेनापती) आमच्या गावचा, हे बूट त्याचे (मूळचे चामड्याचे, रबर नंतर आलं), न्यूझीलंडची राजधानी त्याच्या नावाची, कणकेत गुंडाळून भाजलेलं ते बीफसुद्धा म्हणे त्याच्याच नावाचं. टेकडीवर त्याचा १७५ फुटी त्रिकोणी मनोरा आहे, बघितलास का? बघितलाय. आता हा आमच्या गावचा म्हणजे किती, तर माणूस जन्मला डब्लिनला. १८०९ मध्ये किताब मिळाला तेव्हा स्वारी स्पेनमध्ये, आडनाव वेल्स्ली, किताबात घालायला त्याच्याशी जुळेल असं गाव भावाने परस्पर नकाशावर हेरलं. गावात आला उभ्या आयुष्यात एकदा, १८१९ मध्ये. आमच्याकडे पालकमंत्री जास्त वेळा येतात. मुंबईत रीगलसमोर कारंजं त्याच्या नावाचं, निलगिरीत लष्करी कॉलेज आहे ते गावही वेलिंग्टन. एका नावाने किती ठिकाणी पुरायचं, आणि मग आमच्यासारख्यांचे खोके कुठे जाणार?

"तू कुठला?" आजोबांनी विचारलं. म्हटलं जालना जिल्हा, भोकरदनकडचा, असईजवळचा. चेहरा कोराच. मग मला राहवेना. म्हटलं, तुमचा ड्यूक साधा वेल्स्ली होता तेव्हा २३ सप्टेंबर १८०३ ला तिथे शिंदे-भोसल्यांशी लढला, समोरासमोर दोन गावं बघून नदीला उतार असणारच हे ताडलं आणि खेळणा नदी ओलांडली, वेलीज नसताना. त्याचे दीड हजारांवर लोक मेले-जखमी झाले, आमच्या शंभराच्या आसपास तोफा नेल्या. आणि म्हातारपणी त्याला सगळ्यात चांगली लढाई कुठली विचारलं तर वॉटर्लू नाही, असई म्हणाला!

आजोबांनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "म्हणजे तुम्ही हरलात?"

हो.

"ओह. बॅड लक."

गेल्या रविवारची मॅच हरल्यासारखं, खांद्यावर थाप मारून! मागच्या दोन बायकांनीही सहानुभूतीने मान हलवली. मला खरंच राग आला. म्हणजे मनोरा तुमचा, किताब तुमचा, नदी-चिखल आमचा, आणि आम्हाला काय तर बॅड लक. काउंटरवाली तेवढ्यात म्हणाली की पार्सल परत मिळवायचं तर ज्याच्याकडे गेलंय त्याने ते स्वतःहून आणून द्यायला हवं. कोण देणार आहे?

आजोबाच म्हणाले, नातवाचे जुने वेलीज गाडीत पडलेत, पाच पौंड. मी तीन म्हटलं. ते पाचवरून हलेनात, पुन्हा हरलो. घरी येऊन बघतो तर हिरवे, आणि पंजावर बेडकाचे दोन टपोरे डोळे. चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे बाळांचे आहेत, मी नाही घालणार." म्हटलं घालायचे, मुकाट्याने. रिफंडचा अजून पत्ता नाही आणि श्रॉपशरमध्ये कुणीतरी आमच्या कोऱ्या बुटांत त्या जिरेनियमला पाणी घालत असेल.